वीतभर राहिलेला गोट

कटपीसच्या टोपलीत दोन हात एकदम गेले आणि एकाच तुकड्यावर येऊन थांबले.

तुकडा गडद निळा होता, त्यावर मोहरीएवढे पांढरे ठिपके. एक हात तिचा होता. बोटांच्या टोकांना सुया-टाचण्यांचे बारीक ओरखडे. दुसरा हात पुरुषाचा होता आणि त्याच्या नखांच्या कडेला वाळलेली खळ होती.

"माझा हात आधी पडला," ती म्हणाली.

"हात तुमचा आधी पडला असेल. नजर माझी आधी पडली. मी मघापासून याच्याकडेच बघत उभा आहे."

"नुसतं बघत उभं राहून कापड मिळत नाही."

"हे मला नेहमी उशिरा कळतं," तो म्हणाला. ते त्यानं इतक्या गंभीरपणे म्हटलं की तिला हसू आलं. हसू तिनं ओठांत दाबलं, पण तुकडा काही सोडला नाही.

कापडाच्या दुकानातल्या काकूंनी गल्ल्यावरून मान वर केली. "ओढू नका रे, फाटेल. त्या ताग्यातला तेवढाच उरलाय. मधोमध कापून देऊ का?"

"नको!" दोघंही एकदम म्हणाले.

"चला, एवढं तरी जुळलं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. दुकानाच्या दारातली छत्र्यांची बादली भरून गेली होती. त्यानं घसा साफ केला. "मी वाचनालयात फाटलेली पुस्तकं बांधतो. समुद्रावरचं एक जाडजूड पुस्तक आहे, त्याची पाठ उखडलीय. हे कापड दिसलं आणि वाटलं, याचंच कव्हर करावं… तुम्हाला कशाला हवंय?"

"मला ना… गोधडी आहे एक. म्हणजे तुकडे सगळे जोडून झालेत, फक्त मधोमध…"

वाक्य तिथंच राहिलं. तिची वाक्यं बहुतेक तिथंच राहायची.

"मधोमध एक चौकोन रिकामा आहे, आणि तिथं हेच कापड हवं," त्यानं वाक्य पूर्ण केलं आणि तुकडा सोडून दिला. "घ्या. माझ्या समुद्राला दुसरं काहीतरी मिळेल. पण एक अट. गोधडी पूर्ण झाली की मला दाखवायची."

"दाखवीन की!" ती पटकन म्हणाली.

मात्र घरी जाताना तिची पावलं हळूहळू मंदावत गेली. कारण आजवर तिनं शिवायला घेतलेली एकही वस्तू पूर्ण केली नव्हती.

घरात तिला 'चिंधी' म्हणत. हे नाव मामानं ठेवलेलं. लहानपणी तिच्या मुठीत नेहमी कापडाचा एखादा तुकडा असायचा म्हणून. आता ती मामाच्याच चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर फ्रेमचे इवले इवले स्क्रू आवळायचे, काचा पुसायच्या, लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावायची. संध्याकाळी जिना चढून वर घरी आलं की खिडकीशी बसून शिवण. तिचा सगळा जीव त्या शिवणात होता. नवीन काही बेतताना तर तिला जेवायचंही भान नसायचं.

पण तिचं कपाट पाहिलं असतं तर कुणालाही गंमत वाटली असती. बंद न लावलेल्या पिशव्या, पाठ नसलेले उशांचे अभ्रे, गरम भांडी धरायचा एकाच हाताचा मोजा… चुलतभावाच्या बाळासाठी बेतलेल्या सदऱ्याला बटणं लावायची राहिली होती, आणि ते बाळ आता शाळेत जात होतं. खालच्या कप्प्यात गोधड्यांचे वरचे थर घड्या घालून ठेवलेले. ना अस्तर, ना कड.

"ते कपाट उघडू नका बरं," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "अर्धमुर्धं सगळं अंगावर पडेल." आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिचा एकच प्रश्न यायचा, "झालं का गं?"

"होतंय…" चिंधीचं उत्तरही एकच.

निळ्या तुकड्याचा चौकोन तिनं त्याच दिवशी बसवला. तो तिथं इतका शोभला की पुढच्या काही संध्याकाळी तिनं अस्तर घातलं, मध्ये जुनी मऊ चादर घातली आणि सगळीभर धावदोराही घातला. आता राहिला होता फक्त गोट, चारी बाजूंनी शिवायची कडेची पट्टी. तिथं येऊन तिचे हात नेहमीसारखे थांबले.

काही दिवसांनी तो चष्म्याच्या दुकानात आला. ती तिथं असते हे त्याला ठाऊक नव्हतं. निदान तो तसं म्हणाला.

"काय त्रास होतो?" तिनं विचारलं. आवाज होता होईल तो दुकानातल्यासारखा ठेवला.

"सुईत दोरा ओवताना सुईला दोन भोकं दिसतात."

"मग कुठल्या भोकातून ओवता?"

"अंदाजानं. कधी खऱ्या, कधी खोट्या." मग जरा वाकून, हळूच, "झाली का गोधडी?"

"होत आलीय… जवळजवळ…"

आतून मामाचा आवाज आला, "अहो साहेब, आमची चिंधी 'जवळजवळ' म्हणाली की समजून घ्यायचं. तुमच्या नातवंडांना दाखवायला होईल."

तिचे कान लाल झाले. "मामा, तू आत बैस ना!"

चष्मा तयार झाल्यावर तो पुन्हा आला. फ्रेम एका बाजूला कलत होती म्हणून तिनं दांडी थोडी वाकवली, त्याच्या कानामागे बसवली आणि केस बाजूला केले. हे काम ती दिवसातून कितीदा तरी करायची. आज बोटं उगाचच सावकाश चालत होती.

"घट्ट होतोय?"

"नाही."

"मग सैल?"

"नाही."

"मग कपाळावर आठ्या कसल्या?"

"इतक्या जवळचं इतकं स्पष्ट दिसायची सवय नाही," तो म्हणाला. मग आपणच काय बोललो ते ऐकून तो कावराबावरा झाला आणि घाईनं विचारता झाला, "काय राहिलंय नक्की गोधडीचं?"

"गोट. मी तिथवर येते, आणि मग…"

"आणि मग ठेवून देता. मला कडा बऱ्या जमतात. पुठ्ठ्याला कापडाची कड लावणं हा तर माझा धंदाच आहे. रविवारी येऊ? मदतीला?"

ती काही बोलायच्या आत मामा आतून म्हणाला, "या की. जिना बाजूनं आहे."

रविवारी तो आला तो खिशात हाडाची एक गुळगुळीत पट्टी घेऊन. कागदाची घडी दाबायला तो ती वापरायचा. चिंधीच्या आईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"पुस्तकवाले, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"पुस्तकं."

"आणि माणसं?"

"आईवडील नाहीत. एक ताई आहे. लांब राहते, पण फोनवर ओरडते."

"बरं आहे. ओरडणारं कुणीतरी हवंच," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. आत गेली खरी, पण कान बाहेरच ठेवून.

गोधडी दिवाणावर पसरून ते दोघं तिच्या दोन कडांना बसले. कोपरा आला की गोट कसा दुमडावा हे तिनं त्याला शिकवलं, आणि दुमड हाडाच्या पट्टीनं दाबली की कशी सुरीसारखी बसते हे त्यानं तिला दाखवलं. बोलणं अधूनमधून, टाक्यांच्या लयीत चालायचं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्यालाही आला, आणि मग तो येणार हे घरात गृहीतच धरलं जाऊ लागलं.

"एक विचारू?" तो एकदा म्हणाला. "पूर्ण का करत नाही?"

ती दोरा बोटाला गुंडाळू लागली. "अर्धं असलं ना, की लोक म्हणतात, छान होतंय. पूर्ण झालं की मग… मग ते जे काय म्हणायचं ते म्हणतात."

"हं," तो म्हणाला. त्यानं तिची समजूत घातली नाही, हे तिला आवडलं. "माझं उलटं आहे. माझ्याकडे सगळं फाटकंच येतं. नीट झालं की जातं. ते गेलं की मीही जातो, पुढच्या वाचनालयात."

"आणि चूक झाली तर? उसवता?"

"कागदाला उसवून चालत नाही. सुईचं भोक पडलं की पडलं. म्हणून मी टाका घालायच्या आधी फार विचार करतो. फारच."

"कापडाचं बरं असतं. उसवायचं, ओलं फडकं फिरवायचं, इस्त्री दाबायची. भोकं मिटतात."

हे बोलता बोलता ती शिवत त्याच्या कडेपर्यंत आली होती. गोधडीचा कोपरा त्याच्या गुडघ्यावर होता. ती बोलत होती आणि तो ऐकत होता, आणि सुईकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. चहा झाला, तो निघायला म्हणून उठला आणि त्याच्याबरोबर गोधडीही उठली.

"अगं बाई!" आई दारातच पदर तोंडाला लावून हसत सुटली. "चिंधे, पाहुण्यालाच टाचलंस की गं!"

चिंधीनं मान खाली घातली ती वर करेना. ती खाली बसली, छोटी कात्री घेतली आणि त्याच्या पॅंटच्या गुडघ्यावरचा एकेक टाका उसवू लागली.

"हलू नका."

"हलत नाही. श्वास घेतला तर चालेल?"

"थोडा."

त्यानं खरोखरच थोडाच घेतला. खोलीत कात्रीची बारीक टिकटिक तेवढी ऐकू येत होती. शेवटचा दोरा निघाला तेव्हा गुडघ्यावर बारीक भोकांची एक ओळ राहिली होती.

"घरी गेल्यावर ओलं फडकं फिरवा. मिटतील," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

पुढच्या रविवारी तो तीच पॅंट घालून आला. भोकांची ओळ जशीच्या तशी होती.

"धुतली नाहीत वाटतं?"

"धुतली ना."

"मग ही…"

"जपून धुतली," तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला. नव्या चष्म्यातून आता सुईला एकच भोक दिसत असणार. तरी दोरा आत जायला बराच वेळ लागला.

त्या दिवशी जाताना तो हाडाची पट्टी दिवाणावरच विसरला. ती परत द्यायला चिंधी दुपारच्या सुटीत वाचनालयात गेली. मागच्या बाजूच्या लहानशा खोलीत तो बसायचा. खळीचा आंबूस वास, जड दगडांखाली दाबून ठेवलेली पुस्तकं, खिडकीतून येणारा पांढरा उजेड. भिंतीला एक लांबलचक फळी होती, वर कागद चिकटवलेला, 'दुरुस्तीसाठी'. फळी जवळजवळ रिकामी होती. टोकाशी चार-दोन पुस्तकं एकमेकांना टेकून उभी होती.

"हे बघा," तो आनंदानं उठला. त्यानं समुद्राचं पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. कव्हर करड्या कापडाचं होतं, पण पाठीवर खालच्या बाजूला ठिपक्यांच्या निळ्या कापडाची बोटभर पट्टी होती. चौकोन कापून उरलेली कातरण तिनंच त्याला दिली होती. "समुद्र नाही झाला. किनारा झाला."

ती हसली. मग पुन्हा फळीकडे बघून हसायची थांबली. "एवढीच राहिली?"

"एवढीच." तो पुस्तकाची कड बोटानं पुसत राहिला. "पुढचं बोलावणं आलंय. दुसऱ्या शहरातून. तिथल्या वाचनालयात पाणी शिरलं होतं. खूप पुस्तकं भिजलीयत. हो म्हणून कळवलंय मी."

"आणि ती झाली की?"

"मग तिथून पुढे. असंच असतं माझं."

"मग… म्हणजे तुम्ही… मला वाटलं होतं की…"

ती थांबली आणि वाट बघत राहिली. तिची वाक्यं तो नेहमी पूर्ण करायचा. पण आज त्यानं केलं नाही. तोही थांबलाच, हातातलं पुस्तक छातीशी धरून, टाका घालायच्या आधी जणू फार विचार करत असल्यासारखा. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. चिंधीनं हाडाची पट्टी टेबलावर ठेवली आणि ती निघून आली.

रविवारी सकाळी तिनं गोधडीची घडी घातली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात सारून दिली. गोट वीतभरच राहिला होता.

"आज काढली नाहीस बाहेर?" आईनं विचारलं.

"डोकं दुखतंय."

आई ओले हात पुसत येऊन तिच्याशेजारी बसली. "चिंधे, तुझा गोट राहिला म्हणून तो राहील, असं वाटतंय का तुला?"

चिंधी कपाटाचं दार उगाचच दाबून लावू लागली.

"त्याला काय कळणार, तुझ्या मनात काय आहे ते? तू निम्मं बोलतेस. उरलेलं लोकांनी ओळखायचं. आम्ही घरचे आहोत म्हणून ओळखतो. तो बिचारा पुस्तकातला माणूस, छापलेलं असेल तेवढंच वाचणार."

"आई!"

"आई काय आई? कणीक भिजवायचीय मला," असं म्हणून आई उठून आत गेली.

जिन्यात पावलं वाजली. तो दारात आला तेव्हा त्याच्या खांद्याला प्रवासाची बॅग होती. केस नीट विंचरलेले, अंगात लांब बाह्यांचा धुतलेला शर्ट. दुपारची बस होती.

"अट होती," तो उंबऱ्यावरूनच म्हणाला. "पूर्ण झाली की बघायची अशी. झाली नसली तरी… बघून जातो म्हटलं."

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या लक्षात आलं की त्याच्या गुडघ्यावर ती ओळ अजून तशीच आहे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसानं घरात दुसरी पॅंट असताना हीच घातली होती.

तिनं कपाट उघडलं. वरची एक पिशवी अंगावर पडली, एक अभ्रा पडला. तिनं ते तसेच पडू दिले आणि खालून गोधडी ओढून काढली.

"बसा," ती म्हणाली. "वेळ आहे ना?"

"आहे थोडा."

"तेवढ्यात होईल. हा कोपरा धरा."

तो बसला. मनगट गोधडीवर टेकवून त्यानं कोपरा धरून ठेवला. ती शिवू लागली. निळ्या चौकोनावर ऊन आलं होतं. राहिलेली वीत बोटभर झाली, मग नखभर. तिनं शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

तो सावकाश उठला. त्याच्याबरोबर गोधडीही उठली.

त्यानं हात वर करून पाहिलं. शर्टाच्या बाहीचं टोक गोटाला नीट, बारीक टाक्यांनी शिवलेलं होतं.

"पुन्हा?" त्याला हसू आलं. "अहो चिंधीबाई, लक्ष कुठं असतं तुमचं?"

"या वेळी चुकून नाही."

त्याचं हसू थांबलं. आता दोरा तोडून झाला होता, तिला मागे फिरायला जागा नव्हती.

"त्या दिवशी माझं वाक्य राहिलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं की तुम्ही राहाल. तुम्ही जाणार हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आणि हे तुम्हाला न सांगता ठेवून द्यायचं म्हटलं, तर कपाटात आता जागा नाही."

वाक्यं पूर्ण झाली होती. आपण ती पूर्ण केली याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

तो तिच्याकडे वळला. चष्मा किंचित कलला होता, पण तो सरळ करायचं त्याला सुचलं नाही. "तिथली पुस्तकं सोडता येणार नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. "भिजलेलं पुस्तक फार दिवस टिकत नाही. पण ती वाळली, बांधून झाली, की…"

त्याचं वाक्य राहिलं. तिच्यासमोर पहिल्यांदाच.

"की?"

"की… म्हणजे मी आजवर कुठंच परत…"

"की परत यायचं," तिनं ते पूर्ण केलं. "कपाट बघितलंत ना? सगळ्याला कडा लावायच्यात."

त्यानं उघड्या कपाटाकडे पाहिलं. पिशव्या, अभ्रे, एका हाताचा मोजा, घड्या घातलेले गोधड्यांचे थर.

"जन्म जाईल हे सगळं करता करता."

"जाऊ दे की."

त्यानं मोकळ्या हातानं तिच्या केसांत अडकलेला दोऱ्याचा तुकडा काढला. काढला, आणि टाकून द्यायचा सोडून खिशात ठेवला. "येईन," तो म्हणाला. "बाहीला ही भोकं पडलीयत, ती दाखवायला तरी यायला हवं."

"झालं का गं?" आतून आईचा रोजचा आवाज आला.

"झालं, आई."

आत कुठलंसं भांडं खाली पडलं. "काय म्हणालीस?"

"झालं म्हटलं! गोट लावून झाला!" चिंधी हसत ओरडली आणि तिनं कात्री हातात घेतली. "थांबा, तेवढे बाहीचे टाके उसवायचे राहिलेत."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि तो पुन्हा दिवाणावर बसला, गोधडी मांडीवर घेऊन.

"राहू दे जरा," तो म्हणाला. "बसला अजून वेळ आहे."